धनुष्य दुरुस्तीला दिले आहे

"काय गं, हल्ली मैदानावर दिसत नाहीस?" असे कोणी विचारले की गेल्या वर्षी माझे उत्तर ठरलेले असे, "धनुष्य दुरुस्तीला दिले आहे." पहिल्या आठवड्यात हे उत्तर मी सहज देत असे. तिसऱ्या आठवड्यात ते देताना राग येऊ लागला. आणि नवव्या आठवड्यात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होऊन गेल्यावर, तेच उत्तर देताना लाज वाटू लागली. राग दुकानदाराचा होता. लाज माझी स्वतःची होती. ती का वाटली आणि तिच्यातून मी काय शिकले, ते माझ्या विद्यार्थिमित्रांना आणि गुरुजनांना सांगावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांना धनुर्विद्येचा परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडेसे सांगते. मी वापरते ते रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून ज्याने नेम साधतात त्या प्रकारचे. हातात धरायचा मधला धातूचा भाग म्हणजे रायझर. त्याच्या वरखाली दोन लवचीक पाती बसवतात, त्यांना लिंब म्हणतात. (कडुलिंबाशी या शब्दाचा काही संबंध नाही!) दोन्ही पात्यांच्या टोकांना अडकवलेली दोरी म्हणजे स्ट्रिंग. तिच्या मध्यभागी जिथे बाण अडकतो आणि बोटे लागतात, तिथे झिजू नये म्हणून वेगळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे देतात, ते सर्व्हिंग. बाणाला बाजूने टेकू देणारी, आत स्प्रिंग असलेली एक लहानशी दांडी असते, तो प्लंजर. एवढी ओळख पुरे.

माझे धनुष्य नवे नाही. एका ज्येष्ठ खेळाडूने ते विकायला काढले, तेव्हा आईने बचत गटातून कर्ज काढून मला घेऊन दिले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे त्याला साधा ओरखडा उठला तरी माझ्या पोटात गोळा येई. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात दोन तक्रारी एकदम सुरू झाल्या. स्ट्रिंगचे सर्व्हिंग उसवू लागले आणि बाण सतत डावीकडे जाऊ लागले. मी घाबरले. आपण हात लावला आणि काही बिघडले तर? या विचाराने अख्खे धनुष्य पेटीत घातले, एस.टी.ने शहर गाठले आणि दुकानात नेऊन दिले.

"आठ दिवसांनी या," दुकानदार म्हणाले. आठ दिवसांनी गेले तर "माल यायचाय." पुढच्या खेपेस "कारागीर गावाला गेलाय." त्यानंतर "उद्या फोन करा" आणि मग फोन उचलणेच बंद. दर फेरीला एस.टी.चे भाडे आणि बुडालेले तास. दरम्यान स्पर्धेची तारीख आली. एका मैत्रिणीने आपले धनुष्य देऊ केले. पण ताण वेगळा, बाण वेगळे, लांबी वेगळी. दुसऱ्याच्या चपला घालून शर्यत धावावी तसा तो प्रकार. मी नाव मागे घेतले.

स्पर्धा झाल्यावर धनुष्य आणायला गेले ती भांडायचेच असे ठरवून. दुकानदार शांतपणे म्हणाले, "बसा ताई. तुमच्यासमोरच करून देतो." त्यांनी जुने सर्व्हिंग काढून नवे गुंडाळले. प्लंजर उघडून आतला मातीचा आणि गंजाचा थर पुसून काढला. स्प्रिंग मोकळी झाली. माझ्या घड्याळात वीस मिनिटे झाली होती.

"काका, एवढ्याचसाठी माझे दोन महिने गेले?" मी विचारले.

"काम वीस मिनिटांचंच आहे ताई," ते म्हणाले, "पण त्या वीस मिनिटांची पाळी यायला दोन महिने लागतात. तो कोपरा बघा."

कोपऱ्यात अकरा धनुष्ये उभी होती. शेजारी क्रिकेटच्या बॅटी, बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि कॅरमचे दोन बोर्ड. कारागीर एकच. चार तालुक्यांतली मुले त्याच्याकडे येतात, आणि सुटे भाग बहुतेक परदेशी बनावटीचे, तेही मागवल्यावर येणार. "या अकरांतली आठ तर दोरीचीच कामं आहेत," ते म्हणाले, "घरी होण्यासारखी. ज्याचं खरोखर पातं चिरलंय त्यालाही मग या आठांच्या मागं थांबावं लागतं."

मी निरुत्तर झाले. ज्या रांगेला मी दोन महिने शिव्या देत होते, ती रांग मीच लांबवली होती! लाज वाटली ती याची.

परतीच्या एस.टी.त मला शाळेतले दिवस आठवले. आम्ही बांबूच्या धनुष्यावर शिकलो. भारतीय प्रकारात अजूनही ३० आणि ५० मीटरवर बांबूच्या धनुष्यानेच नेम धरतात. तेव्हा दोरी तुटली तर आम्ही दुसरी बांधत असू, पंख निघाला तर चिकटवत असू. कोणाला विचारायला जात नव्हतो. मग धनुष्य महाग झाल्यावर आमचे हात का आखडले? वस्तू महाग झाली की आपण तिला घाबरू लागतो, घाबरलो की तिला ओळखत नाही, आणि ओळखत नाही म्हणून परस्वाधीन होतो. खरे म्हणजे वस्तू जितकी मोलाची तितकी तिची ओळख अधिक हवी.

त्या दिवसापासून मी माझ्या धनुष्याशी ओळख करून घ्यायला लागले. वर्षभरात जे शिकले ते पुढे क्रमाने देते.

पहिली गोष्ट म्हणजे वही. हत्यारांच्या आधी वही हवी. धनुष्य उत्तम चालत असते त्या दिवशी त्याची सगळी मापे लिहून ठेवावीत : ग्रिपच्या सर्वांत खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात; वरच्या आणि खालच्या पात्याच्या मुळापासून स्ट्रिंगचे अंतर; स्ट्रिंगमध्ये किती धागे व किती पीळ; बाण अडकवण्याच्या खुणेची उंची; प्लंजरचे आटे; साइटवरचे आकडे. नेम बिघडला की प्रथम ही मापे पुन्हा घेऊन वहीशी ताडून पाहावीत. दोष धनुष्यात आहे की आपल्यात, हे निम्म्या वेळा तिथेच कळते. ताप मोजल्याशिवाय डॉक्टरकडे धावण्यात जसा अर्थ नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट स्ट्रिंग. आपल्या भाषेने धनुष्याच्या दोरीला किती नावे दिली आहेत! प्रत्यंचा, ज्या, जीवा. भूमितीत वर्तुळाची जीवा आपण काढतो तीही हीच. संस्कृतात तर तिला 'गुण' असेही म्हणतात. गुण नसेल तर धनुष्य म्हणजे नुसती काठी, हे अगदी शब्दशः खरे आहे. आणि हा गुण सर्वांत आधी झिजतो. स्ट्रिंगवर तंतू उठलेले दिसू लागले की खास त्यासाठी मिळणारे मेण चोळावे, मग चामड्याच्या तुकड्याने किंवा बोटांनी घासावे. घर्षणाच्या उष्णतेने मेण आत मुरते. सर्व्हिंगवर मात्र मेण लावू नये. एखादा धागा तुटला तर मोह सोडून ती स्ट्रिंग बाद करावी.

माझे धनुष्य ६८ इंची आहे. अशा धनुष्याची ब्रेस हाइट साधारणपणे साडेआठ ते नऊ इंच असते. ती कमी झाली की स्ट्रिंग एका टोकाकडून सोडून तिला थोडे पीळ द्यावेत. स्ट्रिंग आखूड होते आणि उंची वाढते. पीळ सर्व्हिंगच्या वेढ्यांच्या दिशेनेच द्यावा, उलटा दिला तर सर्व्हिंग सैल पडते. फार पीळ दिला तर दोरी स्प्रिंगसारखी ताणू लागते, म्हणून मर्यादा सांभाळावी. धनुष्य चढवताना स्ट्रिंगर नावाची दोरी वापरावी. मांडीत अडकवून वाकवण्याची जुनी सवय पात्यांना पीळ पाडते आणि ते नुकसान भरून येत नाही.

सर्व्हिंग गुंडाळणे हे मला सर्वांत अवघड वाटत होते. ते सर्वांत सोपे निघाले. सुरुवातीचे टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबायचे, वेढा वेढ्याला चिकटून घट्ट घेत जायचे, आणि शेवटी काही वेढे उलट दिशेने सैल घेऊन टोक त्यांच्या खालून ओढून घ्यायचे. गाठ दिसतसुद्धा नाही. यासाठी लहानसे यंत्र मिळते, त्यात दोऱ्याचे रीळ बसवून ताण कमीजास्त करता येतो. पहिले तीन प्रयत्न माझे फसले. चौथे सर्व्हिंग पाच महिने टिकले.

बाण अडकवण्याची खूण करायला मी दात साफ करायचा मेण लावलेला दोरा वापरते. एकदा पुढून, एकदा मागून अशा साध्या गाठी दहाबारा वेळा मारायच्या आणि शेवटी गोंदाचा एक थेंब. बाणाची खाच, म्हणजे नॉक, स्ट्रिंगवर कशी बसते याचीही एक सोपी परीक्षा आहे. स्ट्रिंग आडवी धरून बाण खाली लोंबता ठेवावा. तो आपणहून पडता कामा नये, पण स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. नॉक घट्ट असेल तर बाण भरकटतात. सैल असेल तर बाण स्ट्रिंगवरून निसटतो आणि धनुष्य रिकामेच सुटते. बाणाविना स्ट्रिंग सोडणे हा धनुष्यावरचा सर्वांत मोठा अत्याचार आहे. जी शक्ती बाणात जायची ती पात्यांत परत येते आणि पाते फुटू शकते.

तिसरी गोष्ट बाण. ॲल्युमिनियमचा बाण वाकला आहे का, हे सपाट काचेवर घरंगळवला की कळते. कार्बनच्या बाणाला वेगळी परीक्षा लागते. तो वाकत नाही, चिरतो. प्रत्येक जोराच्या टकरीनंतर बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवावा आणि पिळावा. करकर असा बारीक आवाज आला किंवा हाताला कूस लागली तर तो बाण तिथेच मोडून टाकावा. चिरलेला कार्बनचा बाण सोडताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. इथे काटकसर करू नये. बाणाचे टोक सैल झाले तर ते पकडीत धरून गरम करावे, उष्णतेने वितळणारा गोंद लावावा आणि बसवावे. कार्बनची नळी ज्योतीवर कधीही धरू नये. निघालेल्या पंखाचा जुना गोंद खरवडून, जागा स्पिरिटने पुसून, कोरडी झाल्यावरच नवा पंख चिकटवावा. घाईत चिकटवलेला पंख पहिल्याच सरावात गळतो, हा स्वानुभव आहे.

चौथी गोष्ट स्क्रू आणि पावसाळा. प्रत्येक बाण सुटताना धनुष्याला हादरा बसतो आणि स्क्रू हळूहळू सैल होतात. माझ्या बहिणीच्या नेलपॉलिशने मी प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी मिळून एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे लांबूनही कळते. आपल्याकडच्या पावसात प्लंजरची स्प्रिंग आणि बारीक पोलादी भाग गंजतात. सराव संपला की सगळे कोरड्या फडक्याने पुसावे, पेटीत बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. पात्यांच्या बोल्टच्या आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. प्लंजरच्या आत मात्र तेल घालू नये, त्यावर धूळ बसून तो पुन्हा अडकतो. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत धनुष्य ठेवू नये. पात्यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि त्यांना उष्णता मानवत नाही.

आता दुसरी बाजू. सगळेच घरी करावे असे मी मुळीच म्हणत नाही. पात्याला चीर दिसली, पाते पिळले, रायझरला तडा गेला, तर ते जाणकाराकडेच न्यावे. कंपाउंड धनुष्याच्या बाबतीत तर फारच जपावे. अमेरिकेतील हॉलिस ॲलन यांना या धनुष्याचे पेटंट १९६९ साली मिळाले. त्याच्या टोकांना चाके असतात आणि न ओढलेल्या अवस्थेतही त्याच्या दोऱ्यांवर मोठा ताण असतो. योग्य प्रेसशिवाय त्याची स्ट्रिंग काढायला जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हापासून आमच्यापैकी अनेकांचे डोळे त्या धनुष्याकडे लागले आहेत. म्हणून हा इशारा आवर्जून देते.

दुकानात जावेच लागले तर कसे जावे, हेही मी ठेच खाऊन शिकले. रिकर्व्ह धनुष्याचे भाग सुटे होतात, तेव्हा बिघडलेला भाग तेवढा द्यावा, अख्खे धनुष्य देऊ नये. आधी फोन करून सुटा भाग दुकानात आहे का ते विचारावे. "नीट चालत नाही" असे मोघम सांगण्याऐवजी काय होते, केव्हापासून होते आणि वहीतली मापे काय, हे कागदावर लिहून द्यावे. कारागिराचा निम्मा वेळ दोष शोधण्यातच जातो. पावतीवर तारीख आणि अंदाजे खर्च लिहून घ्यावा. मोठी कामे स्पर्धांचा हंगाम संपला की द्यावीत, तोंडावर आल्यावर नव्हे. परत घेताना दुकानातच मापे ताडून पाहावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरी स्ट्रिंग नेहमी तयार ठेवावी, तीही नुसती पाकिटात नव्हे तर वापरून बसवलेली. नवी स्ट्रिंग सुरुवातीला ताणते. स्पर्धेच्या दिवशी कोरी स्ट्रिंग चढवणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी कोरे पुस्तक उघडणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. आमच्या घरी कोयता, विळा, आईचे शिवणयंत्र आणि आता माझे धनुष्यही मांडतात. पूर्वी मी त्यावर हळदकुंकू वाहून मोकळी होत असे. यंदा आईने विचारले, "पुसलंस का आधी?" शिवणयंत्राला ती वर्षभर तेल घालते, त्याची सुई आणि पट्टा स्वतः बदलते. पूजा तिला शोभते. महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासाला जाताना पांडव शमीच्या झाडावर शस्त्रे ठेवतात ती कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ठेवण्यापूर्वी ते धनुष्यांच्या दोऱ्या उतरवतात, हा तपशील मला यंदा प्रथमच जाणवला. गांडीवाचीही प्रत्यंचा अर्जुन स्वतःच्या हाताने उतरवतो. वर्षभर हात लागणार नसलेले धनुष्य चढवून ठेवायचे नसते, हे त्या कवीला ठाऊक होते. शस्त्राचा आदर हा असा असतो.

यंदा स्पर्धेत उतरले. ७२ बाणांपैकी निम्मे झाले असताना माझ्या स्ट्रिंगचे सर्व्हिंग बोटांखाली सरकले. गेल्या वर्षी माझे हातपाय गळाले असते. मी दुसरी स्ट्रिंग चढवली, मापपट्टीने ब्रेस हाइट पाहिली, वहीशी ताडली आणि पुन्हा रेषेवर उभी राहिले. माझा क्रमांक सातवा आला, निवड झाली नाही. पण बहात्तरच्या बहात्तर बाण मी माझ्याच धनुष्याने सोडले. घरी आल्यावर आईने निकाल विचारला. मी सांगितला. मग तिने विचारले, "आणि धनुष्य?" मी म्हटले, "उत्तम आहे." ती हसली. कर्जाचे हप्ते तिचे होते ना!

शेवटी एक विनंती. गावातल्या सुताराकडून मी लाकडी फळीवर दोन खुंट्या बसवून स्ट्रिंग बनवायचा साचा करून घेतला आहे. तो मी जिमखान्याला देत आहे. त्याच्या जोडीला पंख लावायचा एक साचा, एक मापपट्टी, पान्यांचा एक संच आणि मेण एवढे साहित्य जिमखान्याने घेतले आणि एका कपाटाचा अर्धा कप्पा दिला, तर दर शनिवारी सरावानंतर तासभर बसून आम्ही एकमेकांची धनुष्ये दुरुस्त करू. नवख्यांना शिकवू. वर्षभरात त्या दुकानातल्या कोपऱ्यातली रांग आमच्यापुरती तरी कमी होईल, आणि ज्याचे पाते खरोखर चिरले आहे त्याची पाळी लवकर येईल.

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण आपण बहुधा ताटात वाढून घेताना वापरतो. ती पान्याच्या बाबतीतही खरी आहे.